मत्स्यपात्राच्या तळाची रेती

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची टाकी मांडून तीत रंगीबेरंगी मासे सोडण्याची हौस आता शहरात कोणास नवी राहिलेली नाही. घरी आलेला पाहुणा आधी त्या टाकीपाशी जातो, घरातील मुले त्यास माशांची नावे सांगतात, पाणवनस्पतींचे कौतुक होते, दिव्याची सोय पाहिली जाते; परंतु तळाशी पसरलेल्या रेतीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. ती केवळ शोभेसाठी असावी, फार तर वनस्पतींस मुळे रोवण्यापुरती असावी, असाच सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्या मूठमूठ रेतीच्या ठायी टाकीचे अर्धे आरोग्य साठविलेले असते. ही गोष्ट उमगावयास युरोपातील विद्वानांस पुष्कळ काळ लागला; आणि चमत्कार असा की, ज्यांच्या परिश्रमाने ती उमगली, त्यांच्या कामाचा मासे पाळण्याशी काडीचाही संबंध नव्हता. कोणी शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता होता, कोणी गटाराच्या घाणीचा विचार करीत होता, तर कोणी शेतातील खताचा.

पात्रात मासे ठेवण्याची चाल तशी फार जुनी. चीन देशात सोनेरी मासे शेकडो वर्षांपासून मातीच्या व चिनी मातीच्या कुंड्यांतून पाळले जात. लंडनचा प्रसिद्ध दैनंदिनीकार सॅम्युएल पेप्स याने सन १६६५ मध्ये काचेच्या पात्रात जिवंत ठेवलेले मासे पाहिल्याची नोंद करून ठेविली आहे. परंतु अशा पात्रांचा नियम एकच असे, तो म्हणजे पाणी वारंवार बदलणे. पाणी बदलावयाचे राहिले की मासे मरत. ते का मरतात, याचा शोध घेण्याची गरज कोणास वाटली नाही; कारण बादलीभर ताजे पाणी हे त्यावरचे औषध सर्वांस ठाऊक होते. असे पात्र रिकामे करून पुन्हा भरावयाचे, म्हणून त्यात रेती घालणे ही उलट अडचणच होती.

या इतिहासातील खरे पहिले पान सन १८२९ चे आहे. त्या एका वर्षात लंडन शहरात दोन घटना घडल्या. शहराच्या पूर्व भागात धुराने काळवंडलेल्या वस्तीत नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून ती बाटली बंद करून ठेविली होती. पतंग बाजूलाच राहिला, पण त्या मातीतून एक नेचा व एक गवताची काडी उगवून आली, आणि बाहेरच्या धुरात जो नेचा जगत नसे, तो त्या बंद बाटलीत पाणी न घालता वर्षानुवर्षे टिकला. यातूनच काचपेटीत वनस्पती जगविण्याची कला निघाली. त्याच वर्षी, त्याच शहरात, टेम्स नदीकाठी चेल्सी येथील पाणीकंपनीचे अभियंते जेम्स सिम्प्सन यांनी नदीचे गढूळ पाणी वाळूच्या जाड थरातून हळूहळू झिरपू देणारी मोठी गाळणी उभारिली. एकाने काचेत जीव कोंडला, दुसऱ्याने वाळूतून पाणी स्वच्छ केले. पुढे या दोन्ही गोष्टींची गाठ घरातल्या मत्स्यपात्रात पडावयाची होती. पण ती पडण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला, आणि तेवढ्या अवधीत किती मासे प्राणास मुकले त्याची गणती कोण करणार!

वॉर्डच्या काचपेटीवरून पाण्यातील जीवांकडे वळणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनमधील औषधविक्रेत्यांच्या संघाच्या जुन्या इमारतीत ते रसायनकाम पाहत. सन १८४९ मध्ये त्यांनी सुमारे बारा गॅलन मावतील एवढे काचेचे भांडे घेतले, ते झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले, तळाशी रेती व चिखल घातला, माशांस लपावयास जागा मिळावी म्हणून चुनखडीचे व वालुकाश्माचे दगड रचिले, फितीसारखी लांब पाने असणारी व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती त्या चिखलरेतीत रोविली आणि दोन लहान सोनेरी मासे आत सोडले. प्रीस्टले व इंगेनहाउस यांच्या अठराव्या शतकातील प्रयोगांनी एवढे सिद्ध झालेच होते की, प्राण्याने दूषित केलेली हवा हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशात पुन्हा शुद्ध करिते. हाच व्यवहार पाण्यात चालतो की नाही, हे वॉरिंग्टन यांस पाहावयाचे होते. प्रथम सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवे शेवाळ चढले. तेव्हा त्यांनी तळ्यातील पाचसहा गोगलगायी आत सोडल्या. गोगलगायींनी कुजके खाऊन टाकिले, त्यांची अंडी माशांस खाद्य झाली आणि पाणी निवळले. सन १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा वृत्तांत मांडला. मासे, वनस्पती आणि गोगलगाय या त्रयीचा समतोल साधला म्हणजे पाणी बदलावयास नको, हा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष इतका सुटसुटीत होता की तो लोकांस तत्काळ पटला. पण भांड्याच्या वर्णनात रेती व चिखल यांचा उल्लेख असूनही निष्कर्षात त्यांस जागा मिळाली नाही. त्रयीत चौथा भागीदार आहे हे खुद्द प्रयोगकर्त्याच्याही ध्यानी आले नाही.

पुढील दहा वर्षे इंग्लंडात मत्स्यपात्राचे वेडच पसरले. काचेवरील कर सन १८४५ मध्ये उठल्यामुळे काच स्वस्त झाली होती. सन १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि तेथे लोकांची रीघ लागली. निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनी सन १८५४ मध्ये ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला व तो शब्द घरोघर रूढ केला. शर्ली हिबर्ड यांनी सन १८५६ मध्ये गृहशोभेवरील आपल्या पुस्तकात या पात्रास मानाचे स्थान दिले. त्याच वर्षी जर्मनीत एमिल रोसमेस्लर यांनी एका लोकप्रिय साप्ताहिकात काचेतील तळ्यावर लेख लिहून तिकडील सुशिक्षित कुटुंबांस हा नाद लाविला. गॉस यांच्या पुस्तकांनी डेव्हनच्या किनाऱ्यावर हौशी मंडळींच्या झुंडी लोटल्या आणि खडकांतील डबकी जीवांवाचून ओकीबोकी झाली. त्या नासाडीची खंत त्यांच्या मुलाने पुढे सन १९०७ च्या आपल्या आत्मकथनात नमूद केली आहे. घरी आणलेले ते समुद्रजीव बहुधा फार दिवस जगतही नसत.

असे का व्हावे? पुस्तकात सांगितलेली त्रयी तर लोक इमानाने पाळीत. वनस्पती असत, गोगलगायी असत, पात्र उजेडात ठेवलेले असे. तथापि नवे पात्र मांडून आठपंधरा दिवस झाले की मासे वर येऊन धापा टाकू लागत आणि एकेक करून उलटे होत. गृहिणी हळहळत, मुले रडत, पुन्हा नवे मासे येत. समतोलाचे तत्त्व चुकीचे असेल अशी शंका कोणी घेत नसे. आपल्याच हातून मोजमापात काही चूक झाली, असे प्रत्येकास वाटे. एखादे सुंदर तत्त्व लोकांच्या मनात बसले म्हणजे त्याच्याविरुद्ध रोजचा अनुभवही मुका होतो, त्याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. साठाच्या दशकात हे वेड ओसरले. लंडनचे मत्स्यपात्रांचे व्यापारी विल्यम आल्फर्ड लॉइड यांच्यासारख्या अनुभवी माणसाने मात्र वेगळा मार्ग धरिला. दर्शनी टाकीत जेवढे पाणी, त्याच्या कैकपट पाणी अंधाऱ्या हौदात साठवून ते सतत फिरते ठेवावयाचे, ही त्यांची पद्धती. हांबुर्ग येथील सन १८६४ चे मत्स्यालय आणि लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसचे सन १८७१ चे मत्स्यालय यांवर त्यांचाच हात फिरला होता. परंतु घरच्या टेबलावरील टाकीस असा हौद कोठून आणावयाचा?

आता मत्स्यपात्र क्षणभर बाजूस ठेवून वाळूकडे वळले पाहिजे. कारण पुढील ज्ञान तिकडूनच आले. सिम्प्सन यांची गाळणी यशस्वी झाली, आणि सन १८५२ च्या कायद्याने लंडनच्या पाणीकंपन्यांस नदीचे पाणी गाळूनच पुरविण्याची सक्ती झाली. त्या वेळी सर्वांची समजूत अशी होती की, वाळू ही नुसती चाळणी आहे. पिठातला कोंडा जसा वर राहतो तसा पाण्यातील गाळ वाळूवर अडकतो. फ्रान्समध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते हेन्री डार्सी यांनी सन १८५६ मध्ये वाळूच्या उभ्या स्तंभातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि पाण्याचा दाब, थराची जाडी व झिरपण्याचा वेग यांचा परस्परसंबंध सूत्रात बांधून दिला. वाळूतून पाणी कसे जाते ते यामुळे कळले. जाताजाता त्याचे काय होते, हे अजून कळावयाचे होते.

ते कोडे सन १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लेझिंग व म्युंत्झ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सोडविले. मीटरभर लांबीच्या रुंद काचनळीत त्यांनी भट्टीत भाजून निर्जीव केलेली पाच किलो वाळू शंभर ग्रॅम चुनखडीची पूड मिसळून भरिली आणि वरून रोज ठराविक प्रमाणात गटाराचे पाणी सोडिले. थेंबाथेंबाने उतरणाऱ्या त्या पाण्यास खाली पोहोचावयास आठ दिवस लागत. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. जसा अमोनिया वरून आत जाई, तसाच तो खालून बाहेर येई. वीस दिवसांनंतर एकाएकी खालच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार, दिसू लागले. त्याचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि अमोनिया नाहीसा झाला. हा निव्वळ रासायनिक व्यापार असता, तर तो पहिल्या दिवसापासूनच का न घडावा? वीस दिवस थांबण्याचे वाळूस कारण काय? ही शंका येताच त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडिली. नायट्रेट होणे बंद पडले. पुढे क्लोरोफॉर्म काढून टाकून बागेतील मातीचे धुवण वर ओतताच काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. जे गुंगीच्या औषधाने निजते आणि चिमूटभर मातीने पुन्हा जागे होते, ते सजीवच असले पाहिजे. वाळूच्या कणाकणावर वस्ती करून राहणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे विष पचवीत होते.

याचे प्रत्यंतर मानवी जीवितावरही लवकरच आले. सन १८९२ मध्ये हांबुर्ग शहरात पटकीची साथ येऊन आठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी पिई, आणि तेही हांबुर्गची घाण मिसळल्यानंतरचे. तरी तेथे साथ फारशी पसरली नाही, कारण आल्टोनाचे पाणी वाळूतून गाळले जाई व हांबुर्गचे तसे जात नसे. वाळूच्या पृष्ठभागावर जमणारा जो बुळबुळीत थर लोक घाण समजत, तोच खरा रक्षक आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी त्या प्रसंगी निदर्शनास आणिले. ज्या नगराने माशांसाठी तीस वर्षांपूर्वी नामांकित मत्स्यालय बांधिले, त्याने नागरिकांच्या पाण्यास मात्र वाळूची गाळणी वेळेवर दिली नव्हती.

आणि येथे इतिहासाने एक विलक्षण गंमत केली आहे. श्लेझिंग व म्युंत्झ यांच्या शोधाचा पाठपुरावा इंग्लंडात कोणी केला? रोदमस्टेड येथील प्रसिद्ध शेतीसंशोधन केंद्रात ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे चालविले, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. सन १८४९ च्या त्या बारा गॅलनी भांड्याच्या कर्त्याचेच हे चिरंजीव. त्या वर्षी ते अकरा वर्षांचे होते, आणि रसायनशास्त्राचे धडे त्यांनी वडिलांच्याच प्रयोगशाळेत गिरविले होते. अमोनियाचे नायट्रेट एका टप्प्यात होत नसून प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट असे दोन टप्पे पडतात, आणि ते दोन निरनिराळ्या जंतूंचे काम आहे, हे या धाकट्या वॉरिंग्टन यांनी उलगडून दाखविले. सन १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने असे जंतू वेगळे करून वाढविले. वडिलांच्या निष्कर्षातून जो चौथा भागीदार गळला होता, तो मुलाने शोधिला. पण मुलाची नजर होती शेतातील मातीवर. हे उत्तर वडिलांच्या भांड्याच्या तळाशीच पडलेले होते, असे त्यांच्या मनात कधी आले असेल काय?

मत्स्यपात्रांच्या जगात तर ही वार्ता फारच सावकाश पोहोचली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुस्तकांतून वनस्पती व मासे यांच्या समतोलाचाच पाठ चालू होता. सन १९४९ मध्ये न्यूयॉर्कचे मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स अॅट्झ यांनी त्यावर स्पष्ट शब्दांत टीका करून, हा समतोल म्हणजे दंतकथा आहे, असे प्रतिपादन केले. लहान टाकीत माशांस लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून मिळतो, वनस्पतींकडून नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. त्यानंतरच्या दशकात रेतीखाली सच्छिद्र पट्टी ठेवून हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर पाणी रेतीतून खाली ओढणारी साधने बाजारात आली. सिम्प्सन यांची टेम्सकाठची गाळणी अखेर दिवाणखान्यात आली! आता पुष्कळ टाक्यांतून हे काम बाहेरच्या गाळणीतील स्पंज करितो, आणि तळ मोकळा ठेवूनही मासे जगविता येतात. परंतु तेथेही स्पंजाच्या छिद्रांत तीच वस्ती नांदत असते, फक्त तिचा पत्ता बदललेला असतो.

रेतीची निवड व मोजमाप हा भाग यानंतर आपोआप उलगडतो. निवडीचा पहिला प्रश्न, कण केवढा असावा? कणांच्या मापाची नावे निश्चित करण्याचे काम अमेरिकन भूशास्त्रज्ञ चेस्टर वेंटवर्थ यांनी सन १९२२ मध्ये केले. त्यांच्या श्रेणीत एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरांपर्यंतची ती वाळू, दोन ते चार मिलिमीटरांची ती भरड रेती आणि चारपासून चौसष्टपर्यंतचे ते गोटे. घरात मिलिमीटर मोजावयास कोण बसतो? स्वयंपाकघरातील धान्य हेच सोयीचे माप. खसखशीचा दाणा सुमारे एक मिलिमीटर, मोहरी दीडदोन, ज्वारी चारच्या आसपास. टाकीच्या तळास मोहरीपासून ज्वारीपर्यंतची रेती चांगली, असे अनुभवी मंडळी सांगतात. त्यास कारण आहे.

अमेरिकेतील चार्ल्स स्लिक्टर यांनी सन १८९९ मध्ये गणिताने दाखविले की, सारख्या आकाराचे गोल कण रचले असता त्यांमधील पोकळी रचनेप्रमाणे शेकडा सुमारे ४७·६ पासून २६ पर्यंत असू शकते, पण कणाच्या मापावर ती मुळीच अवलंबून नसते. म्हणजे हरभऱ्यांच्या ढिगात जेवढी पोकळी, तेवढीच मोहरीच्या ढिगात. हे प्रथम ऐकणारास खरे वाटत नाही. बदलते ते दोन गोष्टींत. कण निम्मा केला की तेवढ्याच रेतीचे एकूण पृष्ठफळ दुप्पट होते, म्हणजे जंतूंच्या वस्तीस दुप्पट जागा मिळते. परंतु मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे पाणीगाळण्यांवर प्रयोग करणारे अॅलन हेझन यांनी सन १८९२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, पाणी झिरपण्याची सुलभता कणाच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण निम्मा केला की ती चौथाईवर येते. लाभ दुपटीचा आणि तोटा चौपटीचा, असा हा सौदा आहे. फार बारीक वाळूच्या खोल थरात प्राणवायू पोहोचत नाही, तेथे निराळ्या जातीचे जंतू माजतात, वाळू काळी पडते आणि ढवळली असता कुजक्या अंड्याचा दर्प येतो. उलट फार मोठे गोटे घातले तर माशांचे उरलेले खाणे फटींतून तळाशी जाऊन सडते.

हेझन यांनी आणखी एक मर्माची गोष्ट सांगितली. रेतीचा कस ठरविताना त्यांनी सरासरी कण धरला नाही. वजनाने दशांश रेती ज्या मापाहून बारीक असेल ते माप धरिले. कारण थोडासा बारीक चुरा मोठ्या कणांच्या फटी बुजवून साऱ्या थराची वाट अडवितो. म्हणून रेती आधी चाळावी आणि मग निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. या कामी दोन चाळण्या लागतात, एक बारीक भाग काढावयास व एक मोठे खडे वेगळे करावयास. रव्याची व गव्हाची चाळण या कामास चांगली. मात्र ती पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये, एवढी खबरदारी घ्यावी, नाहीतर घरात निराळाच समतोल बिघडेल.

दुसरा प्रश्न रेतीच्या जातीचा. वॉरिंग्टन यांनी चुनखडीचे दगड घातले, श्लेझिंग व म्युंत्झ यांनी चुनखडीची पूड मिसळली. नायट्रेट होताना जे आम्ल निपजते, त्यास हा चुना मारतो. समुद्रातील जीवांस तो हवासा असतो. पण मृदू पाण्यात वाढलेल्या माशांच्या टाकीत चुना विरघळून पाणी जड होत जाते. कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असतो, आणि तिच्यात मीठही असतेच. गोड्या पाण्याच्या टाकीस ती योग्य नव्हे. दख्खनच्या नद्यांतील काळपट रेती बहुतांशी काळ्या पाषाणाची असते, पण तीतही चुनखडीचे कंकर सापडतात. परीक्षा सोपी आहे. कोरड्या रेतीवर तीव्र व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे फसफसले तर चुना आहे असे समजावे. कणाच्या कडा धारदार नसाव्यात, हेही पाहावे. तळाशी तोंड खुपसून खाणे शोधणाऱ्या मिशाळ माशांची तोंडे त्यांनी सोलवटतात.

राहिला प्रश्न किती रेती आणावी याचा. येथे पुष्कळ जण अंदाजाने पिशवी आणितात आणि मग एक तर तळ उघडा राहतो किंवा अर्धी रेती गच्चीवर पडून राहते. टाकीची लांबी, रुंदी व थराची जाडी सेंटिमीटरांत घेऊन गुणाकार करावा आणि हजाराने भागावे, म्हणजे लिटर निघतात. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि थर ५ सेंटिमीटरांचा, तर ९००० भागिले १०००, म्हणजे ९ लिटर रेती. पाहणाराच्या बाजूस ३ व मागच्या बाजूस ७ सेंटिमीटर असा उतार दिला, तरी मध्यमान तेच राहते. एक लिटर कोरडी गारेची रेती भरते दीड किलोहून किंचित अधिक, तेव्हा ९ लिटरांस सुमारे १४ किलो. काळ्या पाषाणाची रेती असेल तर आणखी दीड किलो धरावी.

या ९ लिटरांत निव्वळ दगड किती आणि पोकळी किती, हे घरी मापून पाहण्यासारखे आहे. लिटरच्या मापात कोरडी रेती काठोकाठ भरावी आणि मोजलेले पाणी हळूहळू ओतीत जावे. पाणी रेतीच्या माथ्यास टेकेपर्यंत सुमारे ४०० मिलिलिटर आत जिरते. म्हणजे ९ लिटरांपैकी साडेपाच लिटरांच्या आत दगड, बाकी पाणी. टाकीत औषध घालताना पाण्याचे माप अचूक लागते, तेव्हा काठोकाठ भरलेल्या टाकीतून ही साडेपाच लिटरे वजा केलीच पाहिजेत. टाकी ३६ सेंटिमीटर उंच असली, तर पाणी व रेती मिळून पाऊणशे किलोपर्यंत भार होतो; मेज तेवढे भक्कम आहे की नाही, ते आधी पाहावे.

आता पृष्ठफळाचा हिशेब. तीन मिलिमीटरांच्या गोल कणांची ९ लिटर रेती घेतली, तर तिच्या सर्व कणांचे मिळून पृष्ठफळ पावणेअकरा चौरस मीटरांच्या घरात जाते. म्हणजे दहा फूट रुंद व साडेअकरा फूट लांब अशा खोलीची सबंध जमीन त्या ओंजळओंजळ रेतीत घडी घालून ठेविलेली असते. टाकीच्या चारही भिंतींचे आतील पृष्ठफळ याच्या सोळाव्या हिश्श्याइतकेही भरत नाही. चिनी कुंडीतील माशांस पाणी सतत का बदलून द्यावे लागे, ते या आकड्यांवरून स्पष्ट होते. तेथे जंतूंस राहावयास कुंडीच्या भिंतींखेरीज घरच नव्हते.

परंतु घर बांधले म्हणून त्यात माणसे त्याच दिवशी राहावयास येतात असे नाही. श्लेझिंग व म्युंत्झ यांच्या नळीने जे वीस दिवस घेतले, तेवढाच, किंबहुना त्याहूनही अधिक, काळ धुतलेल्या नव्या रेतीस लागतो. तेवढ्या काळात टाकीत मासे भरले तर अमोनिया साचतो आणि आठपंधरा दिवसांत मासे उलटतात. इंग्लंडातील त्या हळहळणाऱ्या गृहिणींची चूक एवढीच होती की, त्यांनी घाई केली. आणि घाई करू नये हे त्यांस सांगणारा कोणी नव्हता. त्यांचे पात्र स्वच्छ होते, रेती धुऊन लख्ख केलेली होती, आणि तोच त्यांचा घात झाला. थोरल्या वॉरिंग्टन यांनी मात्र आपल्या भांड्यात रेतीबरोबर चिखलही घातला होता. बागेच्या मातीच्या धुवणाने फ्रेंच शास्त्रज्ञांच्या नळीत जे केले, तेच बहुधा या चिखलाने त्यांच्या भांड्यात आधीच केले असावे. त्यांचे दोन सोनेरी मासे जगले यात गोगलगायींइतकाच त्या चिखलाचाही वाटा असला पाहिजे.

म्हणूनच जाणते लोक नवी टाकी मांडताना ओळखीच्या घरच्या जुन्या, निरोगी टाकीतील दोन मुठी रेती मागून आणतात. ती पाण्यात भिजलेलीच आणावयाची, उन्हात वाळवावयाची नाही, आणि नळाखाली धुवावयाची तर मुळीच नाही. कारण नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो, आणि त्यास माशांचे मित्र व माणसांचे शत्रू यांतला भेद कळत नाही. ती रेती नव्या थरावर पसरावी, एखाददुसराच काटक मासा सोडावा, त्यास चिमूटभर खाणे घालावे, आणि मग तीन आठवडे मुलांच्या तगाद्यास दाद देऊ नये.